ओळख पटविण्याचे काम

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावात, आखाती देशात मजुरीस निघालेल्या एका तरुणाच्या पासपोर्टची पोलीस चौकशी चालू असता ओळखीचा इसम म्हणून मी हजर होतो. जमादारांनी आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि शिधापत्रिका शेजारी शेजारी मांडली, तिन्हींवरील नावे अक्षर अक्षर ताडून पाहिली, वडिलांच्या नावातील एका वेलांटीपाशी बोट थांबवून कपाळाला आठी घातली आणि "किती सालापासून वळखता ह्याला, गुरुजी?" असे विचारून माझा जबाब, त्यावर फारसा विश्वास न दाखविता, लिहून घेतला. तरुण बिचारा घामाघूम झाला होता.

दहशतवादाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची वर्णने परिषदा आणि करारनामे यांनी भरलेली असतात. परंतु त्या सहकार्याची मदार बव्हंशी अशाच रटाळ पडताळणीवर असते. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील गेवराईचा, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील आरोपी झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल हा सौदी अरेबियात परक्या नावाने, पाकिस्तानी पासपोर्टावर वावरत असता, तो मूळचा आपला आहे हे पुराव्यानिशी शाबीत केल्यावाचून तेथील सरकार त्याला हवाली करणे शक्य नव्हते. जून २०१२ मध्ये तो दिल्लीच्या विमानतळावर उतरला तो त्या खटपटीनंतरच.

त्याच कटातील अमेरिकी नागरिक दाऊद गिलानीने मात्र २००६ साली अमेरिकेत रीतसर नाव बदलून डेव्हिड हेडली हे नाव घेतले, व्हिसाच्या अर्जात खोटी माहिती भरली आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यापूर्वी तो सात वेळा भारतात येऊन मुंबईची टेहळणी करून गेला. पासपोर्ट खरा आणि माणूस खोटा असला की चौकशी कशी आंधळी होते, याचा याहून कठोर दाखला नाही.

पुढे शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची कैद दिली. पण कबुलीच्या बदल्यात भारताकडे न सोपविण्याचे अभय त्याने आधीच पदरात पाडून घेतले होते. म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये, दोन्ही देशांच्या घड्याळांचा मेळ घालण्यासाठी मुंबईचे न्यायालय भल्या सकाळी भरवून, अबू जुंदालच्या खटल्यात माफीचा साक्षीदार म्हणून त्याची साक्ष पडद्यावरून नोंदवावी लागली. सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी विचारावे आणि समुद्रापलीकडून उत्तर यावे, हे कौतुकाचे खरेच. तथापि सौदीने माणूस दिला आणि अमेरिकेने पडदा, हा फरक नजरेआड करवत नाही. हेडलीचा साथीदार तहव्वुर राणा प्रत्यक्ष हाती येण्यास एप्रिल २०२५ उजाडला.