पायाच्या मशीनवर होजियरीचा टॉप

हिवरखेड हे तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं कापसाचं गाव. दिवाळीच्या सुमाराला शिवारात वेचणी चालू असते. जिनिंगमध्ये सरकी निघते, गाठी बांधल्या जातात आणि कापूस बाहेर जातो. टी-शर्टचं कापड, म्हणजे होजियरी, मात्र आपल्याकडे येतं ते बरंचसं तमिळनाडूतल्या तिरुपूरहून. ज्या भागात कापूस पिकतो, तिथल्या बायांना हे कापड शिवता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ते येतं, आणि साध्या पायाच्या मशीनवर येतं.

ब्लाउज, परकर सफाईनं शिवणारी बाई होजियरी हातात घेतली की अडते, ती कापडाच्या घडणीमुळे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. होजियरीत फाशात फासा ओवलेला असतो. असे फासे घालणारं पहिलं यंत्र इंग्लंडच्या विल्यम ली यांनी 1589 मध्ये बनवलं. आजच्या यंत्रांमागेही तेच तत्त्व आहे. फासा ओढला की पसरतो, सोडला की मिटतो. म्हणून इथं टक्स लागत नाहीत. छाती 36 इंच असेल तर साध्या कुर्त्याला आपण चारेक इंच ढिलाई ठेवतो. लायक्रा असलेल्या, अंगाबरोबरच्या टॉपला ढिलाई शून्य, कधी मापापेक्षा कमीच. आधी 4 इंच कापड धरून आडवं ओढून पाहा. 6 इंचापर्यंत जाऊन पुन्हा जागेवर आलं, तर कामाचं. ताण नेहमी अंगाभोवती जाईल असंच कटिंग करायचं. सुती होजियरी धुतल्यावर आटते, म्हणून धुऊन वाळवल्याशिवाय कात्री लावू नये.

हे कापड अनेकदा किलोवर मिळतं. चौरस मीटरला 180 ग्रॅम वजन आणि दीड मीटर पन्हा असेल, तर एक मीटर 270 ग्रॅम भरतं. म्हणजे किलोत साडेतीन मीटरहून जास्त, मोठ्या माणसाचे तीन टॉप सहज. तरी सुरुवात नव्या कापडावर नको. घरातले जुने टी-शर्ट उसवा. त्यात कापड मिळतं, कागदावर उतरवायला तयार माप मिळतं आणि गळपट्टी कशी बसवलीय तेही दिसतं.

सगळ्यात आधी सुई बदला. साधी टोकदार सुई फासा तोडते, मग भोक पडून धागा सरकत जातो. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ते फाशांमधून वाट काढतं. पातळ कापडाला 11 नंबर, जाडाला 14. टाके सुटायला लागले की मशीन बिघडली असं समजून मिस्त्रीकडे धावण्याआधी सुई तपासावी. धागा पॉलिस्टरचा घ्या. सरळ टाक्याला स्वतःचा ताण नसतो, त्यामुळे डोक्यातून टॉप घालताना शिवण तट्ट तुटते. म्हणून वरच्या धाग्याचा ताण थोडा सैल करा आणि शिवताना कापड सुईच्या पुढून-मागून हलकं ताणून धरा. कापडाला द्यायचा हा ताण हाताला कळायला वेळ लागतो. कमी पडला तर धागा तुटतो, जास्त झाला तर शिवणीला लाटा येतात. लाटा येत असतील तर मशीनच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब कमी करा, खाली वर्तमानपत्राची पट्टी घालून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. कडा गुंडाळत असतील तर कांजीचं पातळ पाणी लावून वाळवा, इस्त्री फिरवा. चिंध्यांवर शिवण घालायची, दोन्ही हातांनी ओढायची, तुटली की पुन्हा घालायची. हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण खरं शिक्षण त्यातच आहे.

शिवायचा क्रमही वेगळा. आधी खांदे, आणि त्यात न ताणणारी सुती फीत, नाहीतर खांदा लोंबतो. मग गळा. गळ्याचा घेर 22 इंच असेल तर रिबची पट्टी साधारण पावणेएकोणीस इंच, शिलाईची जागा वेगळी. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावायच्या, आणि ताणायची फक्त पट्टी, गळा नाही. हे उलटं झालं की गळा उभा राहतो. बाही बगल उघडी असतानाच मुंढ्याला सपाट जोडावी. मग बाहीच्या टोकापासून टॉपच्या खालपर्यंत एकच शिवण. खालच्या कडेला एकच घडी पुरते, कारण होजियरीच्या कापलेल्या कडेचं सूत सुटत नाही.

ओव्हरलॉक मशीनसाठी थांबू नका. पण विकण्यासाठी शिवायचं असेल, तर 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे. साहित्यासाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन. त्या पैशांत नवी मशीन घेणार असाल तर झिगझॅग असलेलीच घ्या. नागमोडी टाका कापडाबरोबर ताणतो, त्यामुळे शिवताना कापड ओढून धरावं लागत नाही.