इंजिन नाही, बॉस, तापमान!

मी मूळचा पाचोऱ्याचा. लहानपणी मुंबईला जाताना नाशिकरोड आलं की बाबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘इथून जवळच, ओझरला मिग-21 बनवतात. आवाजाच्या दुप्पट वेगाने जातं!’ मी विचारायचो, ‘मग तिप्पट का नाही?’ बाबा म्हणायचे, ‘तेवढं दमदार इंजिन नसेल.’

26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं आणि तो प्रश्न पुन्हा डोक्यात आला. गंमत बघा, ओझरलाच तयार झालेलं सुखोई-30 कितीतरी आधुनिक, पण त्याचाही टॉप स्पीड मॅक 2 च्या, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाच्या, आसपासच. इतक्या वर्षांत वेग वाढला का नाही?

खरा व्हिलन आहे उष्णता. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? तसंच इथे. विमानापुढची हवा दाबली जाते आणि तापते. 11 किलोमीटर उंचीवर बाहेर उणे 56 अंश सेल्सिअस असतं. पण मॅक 2 ला विमानाच्या नाकापाशी हवा 117 अंशांच्या आसपास जाते. मॅक 3 ला थेट 330 च्या वर! वेग दीडपट, पण तापमानातली वाढ सव्वादोनपट.

एवढ्या तापात ॲल्युमिनियम कमकुवत होतं. म्हणून ॲल्युमिनियमचं काँकॉर्ड मॅक 2 च्या जरा पुढे थांबलं. त्याच्या नाकाला 127 अंशांची मर्यादा होती. मॅक 3 पार करणारं अमेरिकेचं एसआर-71 मुख्यतः टायटॅनियमचं होतं. आपल्या हवाई दलाकडे 2006 पर्यंत असलेलं मिग-25 बरंचसं स्टीलचं. त्यालाही मॅक 2.83 ची लक्ष्मणरेषा होतीच.

इंजिनचीही तीच रड. आत येणारी हवाच इतकी तापलेली, की इंधन जाळून ती आणखी फार तापवता येत नाही. नाहीतर टर्बाइनची पाती वितळतील. म्हणजे वेग वाढतो तसा इंजिनचा जोर घटत जातो. टायटॅनियम महाग, घडवायला कटकटीचं. आणि लढाऊ विमानाला नुसत्या वेगापेक्षा चपळाई, रडार, क्षेपणास्त्रं जास्त कामाची. मग तिप्पट वेगाचा हट्ट कोण करणार?

परवा बाबांना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, ‘नुसत्या इंजिनचा दोष नव्हता, बाबा. विमान तापायचं.’

बाबा शांतपणे म्हणाले, ‘मग बरोबर आहे. मे महिन्यात पाचोऱ्यात आमचाही स्पीड कमीच असतो!’