बॅटरीवरची तीनचाकी निवडताना

दोन चाकांची सायकल थांबली की पडते, तीन चाकांची पडत नाही. म्हणून गुडघे धरलेल्या आजोबांना, अर्धांगवायूतून सावरलेल्या मावशींना किंवा तोल न सांभाळता येणाऱ्या कोणालाही घरचे लोक सुचवतात, 'तीनचाकी घ्या, तीही बॅटरीवरची.' सल्ला चुकीचा नाही. पण थांबलेली तीनचाकी आणि वळणारी तीनचाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात आपण थांबलेलीच पाहतो.

दुचाकीस्वार वळताना काय करतो ते आठवा. तो सायकलीसकट आतल्या बाजूला झुकतो. बाहेर ढकलल्यासारखा भासणारा जोर आणि वजन यांची मिळून होणारी दिशा त्यामुळे चाकांच्या रेषेतूनच जाते. तीनचाकी झुकत नाही. तिचा तोल तिन्ही चाके जमिनीला टेकतात त्या बिंदूंच्या त्रिकोणावर अवलंबून असतो. ती दिशा त्रिकोणाबाहेर गेली की आतल्या बाजूचे चाक उचलले जाते.

थोडे गणित करू. नेहमीच्या तीनचाकीत एक चाक पुढे आणि दोन मागे असतात. मागच्या चाकांतले अंतर ७० सेंमी धरू. स्वार आणि गाडी यांचा मिळून गुरुत्वमध्य मागच्या आसापासून एक तृतीयांश अंतर पुढे आणि जमिनीपासून ९० सेंमी उंच आहे असे मानू. तेथे त्रिकोणाची अर्धी रुंदी ३५ च्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे २३ सेंमी भरते. २३ भागिले ९० बरोबर ०.२६. गुरुत्वत्वरणाच्या एवढ्या पटीपर्यंतच बाजूचे त्वरण गाडी सोसेल. ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर वेगाचा वर्ग = ०.२६ × ९.८ × ४, सुमारे १०.२. वेग आला सेकंदाला ३.२ मीटर, ताशी साडेअकरा किलोमीटर.

म्हणजे ताशी २५ किलोमीटर धावू शकणारी गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर साडेअकराच्या वेगालाच कलंडू शकते. धडधाकट माणूस अशा वेळी कमरेतून आत झुकून तोल सावरतो. ज्याचे अर्धे अंग कमजोर आहे त्याला नेमके तेच जमत नाही. ज्याच्यासाठी ही गाडी घ्यायची, धोकाही त्यालाच जास्त!

बैठक खाली घेऊन गुरुत्वमध्य ६० सेंमीवर आणला तर ही मर्यादा ताशी १४ पर्यंत जाते. वर्गमुळामुळे फायदा वाटतो तेवढा मोठा नाही. म्हणून कमाल वेग बांधून ठेवता येतो का, हे दुकानदाराला आधी विचारावे. बॅटरी कुठे बसवली आहे हेही पाहावे. शिसे-आम्लाच्या ३६ व्होल्ट, १२ अँपिअर-तास संचाचे वजन बारा किलोच्या आसपास असते; ते मागच्या उंच कॅरिअरवर ठेवणे म्हणजे केलेली कमाई घालवणे.

वर्गात हे सहज दाखवता येते. जाड पुठ्ठ्याच्या त्रिकोणाला तीन कोपऱ्यांखाली बुंधे म्हणून खोडरबराचे तुकडे चिकटवा, वर काडेपेट्यांची चळत चिकटवा आणि फळीवर ठेवून फळी हळूहळू कलती करा. चळत कोठे आणि किती उंच ठेवली की कोणत्या कोनाला पडते, ते कोनमापकाने मोजा. मुलांना लवकरच कळते की चळत एकट्या कोपऱ्याकडे सरकवली की ती लवकर पडते. वळणावर ब्रेक दाबला की हेच घडते : भार पुढच्या एकट्या चाकाकडे, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे ढकलला जातो.

दोन चाके पुढे असलेल्या तीनचाकीत भार रुंद बाजूकडे जातो, म्हणून ती या बाबतीत सरस. मग सर्वांनी तीच का घेऊ नये? कारण तिच्या बऱ्याच नमुन्यांत बैठक अगदी जमिनीलगत असते. दुखऱ्या गुडघ्यांना तिथून उठता येत नाही. गुडघ्याइतकी उंच बैठक आणि तोल यांत तडजोड करावीच लागते, आणि ती प्रत्येक शरीरासाठी वेगळी असते.

चढाचे गणित सोपे आहे. स्वारासह वस्तुमान ११० किलो, चढ बारास एक. वजनाचा बारावा भाग सुमारे ९० न्यूटन, त्यात घर्षणाचे पंधरा-सोळा मिळवा. चाकापर्यंत पूर्ण २५० वॅट पोहोचले तरी वेग ताशी साडेआठच मिळेल. चाकाच्या तुंब्यातली मोटर इतकी सावकाश फिरली की तापते. घाटाच्या गावात पायडलजवळ बसवलेली, गिअरचा फायदा घेणारी मोटर बरी.

मोटर कधी सुरू होते हेही पाहा. काही गाड्यांत पायडल फिरते आहे एवढेच सेन्सर ओळखतो. अशक्त पायालाही मदत मिळते, पण गाडी एकदम झेपावते. काहींत पायाने लावलेल्या जोराच्या प्रमाणात मदत मिळते. चाल गुळगुळीत, पण पाय फारच दुबळा असेल तर मदतही दुबळी. दोन्ही पाय निकामी असतील तर ही गाडीच नको. आय.आय.टी. मद्रासमधून विकसित झालेल्या 'निओबोल्ट'सारखे, चाकाच्या खुर्चीला पुढे जोडायचे बॅटरीवरचे चाक २०२१ पासून आपल्याकडे आहे.

एक हात कमजोर असल्यास दोन्ही ब्रेक एकाच दांडीवर हवेत, आणि चढताना-उतरताना गाडी सरकू नये म्हणून ब्रेकला खटका हवाच. गाडी घेण्यापूर्वी स्वाराने रोजच्या पोशाखात, साडी असेल तर साडीत, तीवर चढून पाहावे, चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठचा आकडा काढावा आणि घराच्या फाटकाची रुंदी टेपने मोजून आणावी.