आरामखुर्चीची सायकल की आपली साधी?

चुडाव्याहून पूर्णेला रोज सायकलने जा-ये करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या. बसायची जागा बधिर होते, हाताला मुंग्या येतात. मग कोणी विचारतो, "डॉक्टरसाहेब, ती आरामखुर्चीसारखी सायकल घेऊ का?"

तिला रिकंबंट म्हणतात. पाठ टेकलेली, पायडल समोर. अंगाचा भार पाठीवर आणि कुल्ल्यांवर पसरतो, त्यामुळे जांघेमधल्या नसा दबत नाहीत. मनगट व मान मोकळी राहते. वाराही कमी अडवतो. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या फ्रेंच स्वाराने अशाच सायकलीवर तासाचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तिला शर्यतीतून बाद केले!

पण वाचकहो, आपल्याला शर्यत लावायची नाही. खड्डा आला की या सायकलीवर बूड उचलता येत नाही, धक्का थेट मणक्यांना बसतो. चढाला उभे राहून पायडल मारता येत नाही. बुटकी असल्याने ट्रकवाल्याला चटकन दिसत नाही. आणि दुधाच्या किटल्या अडकवणार कुठे?

माझ्या मते आहे तीच सायकल नीट करून घ्यावी. पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. सीटचे टोक वर नको. कोपर किंचित वाकलेले असावे. अधूनमधून क्षणभर बूड उचलावे.

आठवडाभर सायकल बंद ठेवूनही बधिरपणा राहिला, तर तपासून घ्या; मधुमेहानेही मुंग्या येतात. लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.