स्वतःचा झिरो एरर

गेल्या वर्षी इंटर-इयर क्रिकेटच्या फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये एक रनआऊट झाला. म्हणजे आमच्या मते झाला! बी.ई.वाल्यांच्या मते बॅट केव्हाच टेकली होती. अंपायर होता माझाच रूम पार्टनर. त्याने नॉटआऊट दिलं, आम्ही हरलो आणि मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही. डोक्यात एकच प्रश्न, "याला दिसलं कसं नाही?"

पुढे लायब्ररीत एक प्रयोग वाचनात आला. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात फुटबॉलची मॅच झाली. (त्यांचा फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा!) प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. मग सुरू झालं भांडण, 'दांडगाई कोणी केली?' हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी मॅचची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले, डार्टमथवाल्यांना फक्त ४.३. फिल्म मात्र एकच! हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला.

गंमत म्हणजे यात कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं मानायची गरज नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डोळा हा नुसता सेन्सर. त्याच्याकडून येणाऱ्या सगळ्याच माहितीकडे मेंदू लक्ष देऊ शकत नाही. तो निवड करतो, राहिलेल्या जागा अंदाजाने भरतो. ही निवड ठरते आपल्या अपेक्षेवर, आपुलकीवर, रागावर. आणि जे तयार होतं त्याला आपण बिनधास्त 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' म्हणतो.

मग मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मी उभा होतो बाउंड्रीवर, माझा मित्र क्रीजच्या रेषेत. बॉल स्टंपला लागायच्या आधीच मी 'आऊट' म्हणून ओरडलो होतो!

मित्रांनो, लॅबमध्ये व्हर्नियर हातात घेतला की आधी आपण झिरो एरर बघतो. एरर आहे म्हणून व्हर्नियर फेकून देत नाही, रीडिंगमधून तेवढा वजा करतो. माणसांबद्दलचं रीडिंग घेताना मात्र ही पायरी आपण हमखास विसरतो.

त्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये दोन कटिंग सांगितले. तो रनआऊट होता की नव्हता, यावर आमचं अजूनही एकमत नाही. पण आता आम्ही बोलतो.