नाशिकची वाईन, फाटकावरची विक्री आणि आपला ऊस



उसाचे बिल थोडे लांबले की गटागटांतून एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, नाशिकवाला वाईन करीसन बंगला बांधी ऱ्हायनात, मंग आपण ऊस मोडीसन द्राक्ष लावूत का?" प्रश्न वाजवी आहे. धुळ्याहून आग्रा रोडने दीडशे-एक किलोमीटरवर ही शेती चालते, तेव्हा आम्ही जाऊन पाहून आलो. माळकरी मंडळींनी रागावू नये. इथे फक्त हिशेबापुरते बोलायचे आहे.

तिथे पहिले दिसले ते आपलेच हत्यार. आम्ही तुमच्या फडात रसाचा थेंब टाकून पाहतो तोच हँड रिफ्रॅक्टोमीटर. उसाचा ब्रिक्स २० लागला की आपण तोडीला हो म्हणतो. हे लोक द्राक्षात २२ ते २४ होईस्तोवर थांबतात. ही द्राक्षे खायची नव्हेत. मणी बारीक, साल जाड, आत बी. गोडी यावी म्हणून वेलीवर घडही मुद्दाम कमी ठेवतात. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे ऐन आपल्या गळीत हंगामात. किलोभर द्राक्षातून ६००-७०० मिलीलीटर वाईन निघते आणि बाटली असते ७५० ची.

नाशिकला सुलाची वाईन २००० साली बाजारात आली. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण काढले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, आणि वायनऱ्या धडाधड उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी करारावर बागा लावल्या. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, त्यातच जगभर मंदी. हॉटेले ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या, नवे द्राक्ष घ्यायला कोणी तयार होईना. अनेकांनी उभ्या बागा उपटल्या. नारायणगावची शॅटो इंडाज ही एके काळची मोठी कंपनीसुद्धा कर्जात बुडून बंद पडली.

इथे नीट लक्ष द्या. थॉमसन द्राक्षाला बाजार नसला तर बेदाणा होतो. वाईनच्या बियाळ द्राक्षाचा ना बेदाणा, ना त्याला मंडईत गिऱ्हाईक. आपल्या उसाला निदान गुऱ्हाळ आहे, शेजारचा कारखाना आहे, कायद्याने ठरलेली एफआरपी आहे. त्या वेलीला एकच दार, आणि ते दुसऱ्याच्या मालकीचे.

मग टिकले कोण? ज्यांनी गिऱ्हाईकच बांधावर आणले ते. सुलाने २००५ साली बागेतच चव घेण्याची खोली उघडली. पुढे राहायची सोय केली. द्राक्षे पायांनी तुडवायला लोक पैसे मोजतात! (आपल्याकडे बैलालासुद्धा वैरण घालून तुडवावे लागते.) गंगापूर धरणाच्या काठी यॉर्क ही घरच्या माणसांनी चालवलेली वायनरी. नावही घरातल्या भावंडांच्या नावांच्या अक्षरांवरून. समोर पाणी, मागे बाग, बसायला ओटा. बाटली फाटकावर विकली की दलाल, दुकानदार, वाहतूक यांचा वाटा घरातच राहतो. छोट्या वायनरीचा खरा नफा तिथे आहे, टाकीत नाही. तरीही २०२१ साली यॉर्क सुलाने विकत घेतली, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. विरोध इतका झाला की तो अमलात आलाच नाही.

आता आपले पाहू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, रात्री गार. जळगाव-धुळे त्याच्या निम्म्याहूनही खाली, आणि आपला मे महिना तुम्हाला सांगायला नको. उष्ण रात्रीत द्राक्षाची आंबट धार उतरते आणि वाईन मिळमिळीत होते. शिवाय मुंबईचा माणूस शनिवारी सकाळी निघून दुपारी नाशिकला जेवतो. जळगाव चारशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणून ऊस मोडून वाईनची वेल लावा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही.

पण फाटक मात्र आपल्यालाही करता येते. अजिंठा पाहायला येणारे कितीतरी लोक जळगाव स्टेशनावर उतरतात आणि सरळ लेण्यांकडे निघून जातात. त्यांना कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, कळण्याची भाकर, गुऱ्हाळावरचा ताजा गूळ, केळीची बाग कोण दाखवतो? राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालापासून आहे. शेतकऱ्याला त्याखाली आपल्या नावाने केंद्राची नोंदणी करता येते. रस्त्यालगत शेत, स्वच्छ संडास, सावली आणि घरातल्या बायामाणसांची खुशी, एवढे असेल त्यानेच विचार करावा. एकाच्या जिवावर भागत नसेल तर तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून करावे. बायकांना न विचारता पाहुणे बोलावणाऱ्याने तर या वाटेला जाऊच नये.

ज्यांचा ऊस जानेवारीत तुटेल त्यांच्यापैकी कोणाला फेब्रुवारीत नाशिकच्या बागा पाहायला यायचे असेल, त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावे. नवरा-बायको जोडीने नाव दिले तर अधिक बरे. जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणायचा आहे.