एकवचनी नाम आणि इंग्रजी क्रियापद

मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचव्या इयत्तेपासून सुरू होत असे. इ. स. २००० च्या जूनपासून तो पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. त्यामुळे ज्या वयात मुलाची स्वतःची भाषा अद्याप घडत असते, त्याच वयात त्याच्या कानांवर दुसऱ्या एका भाषेचे नियम पडतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खेड्यांत तर घरी अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी, वर्गात प्रमाण मराठी आणि पुस्तकात इंग्रजी असा तिहेरी प्रवास बालकास करावा लागतो. या प्रवासात ज्या चुका वारंवार आढळतात, त्यांत एकवचनी नामापुढे क्रियापदाचे योग्य रूप न येणे ही एक प्रमुख चूक होय. वहीवर लाल रेघ ओढून ही चूक सुटत नाही. ती कोठून आली हे शिक्षकास कळले, तरच ती सुटते.

१. एकच 'स', दोन कामे

मूळ नियम थोडक्यात असा : वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्यापुढे क्रियापदास 'स' किंवा 'झ' असा ध्वनी जोडावा. 'द बॉय प्लेज', परंतु 'द बॉइज प्ले'. येथे मुलाचा गोंधळ होतो तो स्वाभाविक आहे. नामाच्या शेवटी 'स' आला की अनेकवचन होते, असे त्यास आदल्याच आठवड्यात शिकविलेले असते. आता तोच ध्वनी क्रियापदाच्या शेवटी येऊन एकवचन दाखवितो. मुलगा विचार करतो की, मुले अनेक, तेव्हा खेळणेही अनेक, म्हणून 'द बॉइज प्लेज'. त्याचा तर्क सुसंगत आहे. फक्त तो इंग्रजीचा नव्हे.

यावर एक सोपी खूण उपयोगी पडते : 'स' एकच, तो नामाजवळ तरी राहील किंवा क्रियापदाजवळ तरी राहील. 'द गर्ल सिंग्ज', 'द गर्ल्स सिंग'. 'चिल्ड्रन', 'मेन' यांसारख्या अनियमित अनेकवचनांस ही खूण पुरत नाही, पण आरंभी तिने पुष्कळ काम होते. 'डज' आले की मुख्य क्रियापदाचा 'स' जातो आणि 'कॅन', 'विल' यांपुढे तो येतच नाही, या दोन गोष्टी नंतर सांगाव्यात. भूतकाळात 'वॉज' व 'वेअर' एवढाच भेद उरतो, हे कळले की मुलांस मोठा दिलासा मिळतो.

२. आदरार्थी अनेकवचन

'माय फादर आर अ फार्मर' हे वाक्य वहीत आढळले तर शिक्षकाने क्षणभर थांबावे. मराठीत 'वडील शेतात जातात', 'गुरुजी आले', 'आजोबा झोपले आहेत' असे आपण म्हणतो. व्यक्ती एक, पण क्रियापद अनेकवचनी. मुलाने ही मर्यादा घरी आत्मसात केलेली असते आणि तीच तो इंग्रजीत पाळतो. 'इज' लिहिल्याने वडिलांस 'अरे-तुरे' केल्यासारखे त्यास वाटत असल्यास नवल नाही. येथे चूक व्याकरणाची असली तरी तिच्यामागे संस्कार आहे. म्हणून 'एवढेही कळत नाही का ?' हे शब्द येथे कधीही उच्चारू नयेत. इंग्रजीत तृतीयपुरुषी आदर क्रियापदाने दाखवीत नाहीत, राष्ट्रपतींसाठीही 'इज' आणि वासरासाठीही 'इज', असे प्रेमाने सांगावे.

वरच्या वर्गांत आणखी एक मनोरंजक गोष्ट सांगता येईल. इंग्रजीतही एके काळी 'तू' या अर्थी 'दाऊ' व 'तुम्ही' या अर्थी 'यू' असे दोन शब्द होते. एका माणसास आदराने 'यू' म्हणण्याची रीत पडली आणि ती इतकी पसरली की 'दाऊ' हा शब्द नित्याच्या बोलण्यातून गेला. म्हणूनच समोर एकच मुलगा असला तरी 'यू आर' असेच म्हणतात. आपल्या आदरार्थी अनेकवचनाचे हे इंग्रजी भावंडच होय.

३. क्रियापद कोणाचे ऐकते ?

मराठी क्रियापद नेहमीच कर्त्याचे ऐकत नाही. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली', येथे कर्ता तोच असून क्रियापद कर्माप्रमाणे बदलले. कर्तरी, कर्मणी व भावे प्रयोग शिक्षकांच्या परिचयाचे आहेतच. इंग्रजीत 'द बॉय ईट्स' अशा साध्या वाक्यात क्रियापद कर्त्याशीच बांधलेले असते. कर्म एक असो वा दहा असोत, त्याला पर्वा नसते.

याच भेदातून 'द बॉय हॅव टू बुक्स' ही चूक जन्मते. मराठीत 'मुलाजवळ दोन पुस्तके आहेत' या वाक्यात 'आहेत' हे पुस्तकांशी जुळते. इंग्रजीत मुलगा हाच कर्ता होतो, म्हणून 'द बॉय हॅज टू बुक्स'. 'पुस्तके किती ?' असे न विचारता 'कोणाजवळ ?' असे विचारावयास शिकविले म्हणजे गाठ सुटते.

४. टोपली की केळी ?

रावेर-यावलच्या मुलास केळ्यांचे उदाहरण सहज पटेल. 'केळ्यांची टोपली जड आहे' या वाक्यात टोपली क्रियापदाच्या बाजूस आहे, त्यामुळे चूक होत नाही. इंग्रजीत मात्र टोपली आधी येते व केळी नंतर : 'द बास्केट ऑफ बनानाज इज हेवी'. क्रियापदाशेजारी अनेकवचनी केळी बसल्यामुळे मूल 'आर' लिहून जाते. अशा वाक्यात 'जड काय आहे ?' हा एक प्रश्न पुरेसा होतो. 'वन ऑफ द बॉइज इज अ‍ॅब्सेंट' येथेही हीच युक्ती लागू पडते. गैरहजर एकच मुलगा आहे.

५. मोजण्याच्या रीती वेगळ्या

काही वस्तू मराठी अनेकवचनात पाहते व इंग्रजी एकवचनात. 'केस काळे आहेत', पण 'हेअर इज ब्लॅक'. 'पैसे पेटीत आहेत', पण 'द मनी इज इन द बॉक्स'. 'गहू चांगले आहेत', पण 'द व्हीट इज गुड'. उलट कात्री, विजार व चष्मा आपल्याकडे एकेकच आहेत. इंग्रजीत मात्र 'सिझर्स', 'ट्राउझर्स' व 'स्पेक्टकल्स' यांपुढे 'आर' येते. 'न्यूज' व 'मॅथेमॅटिक्स' यांच्या शेवटी 'स' सदृश ध्वनी असूनही ते एकवचनी आहेत. 'सगळे आले आहेत' असे आपण म्हणतो. 'एव्हरीबडी' मात्र एकवचनी असून त्यापुढे 'इज' अथवा 'हॅज' येते. कापसाच्या बाबतीत दोन्ही भाषांचे एकमत आहे : 'कापूस पांढरा आहे', 'कॉटन इज व्हाइट'. असे शब्द नियमाने नव्हे, तर वाक्यांच्या सरावानेच पक्के होतात. त्यांचा तक्ता मुलांकडूनच करवून वर्गात लावावा.

६. घरची बोली हे साधन

अहिराणी ही अशुद्ध मराठी होय, असा समज अद्यापि कोठे कोठे आढळतो. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या १९०७ साली निघालेल्या भागात खानदेशीचा विचार मराठीबरोबर न करता भिली भाषांबरोबर केलेला आहे. ग्रियर्सन यांचे वर्गीकरण मान्य असो वा नसो, या बोलीस स्वतःचे व्याकरण आहे एवढे निश्चित. प्रमाण मराठीत 'तो जातो' व 'ती जाते' असा लिंगभेद क्रियापदात दिसतो. अहिराणीत 'तो जास', 'ती जास' असे एकच रूप चालते आणि अनेकवचनी 'जातस' होते. इंग्रजीतही 'ही गोज', 'शी गोज' असे एकच रूप असते. म्हणजे या एका बाबतीत अहिराणी घरातील मूल प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाहून इंग्रजीच्या अधिक जवळ आहे !

हे साम्य वर्गात सांगावे. त्याची मर्यादाही सांगावी. अहिराणीत 'मी जास' हेही बरोबर आहे, पण 'आय गोज' हे बरोबर नाही. शिवाय दोन्ही भाषांतील 'स' एका कुळाचा नव्हे, हे साम्य केवळ स्मरणास साहाय्य म्हणून घ्यावे. तरीही आपल्या आईच्या भाषेचा उल्लेख गुरुजी फळ्यावर करतात, हे पाहून मागच्या बाकावरचे मूकसे मूल तोंड उघडते. शिरपूरकडील पाड्यांत पावरी बोलणाऱ्या मुलांसही 'तुमच्या घरी हे कसे म्हणतात ?' असे अवश्य विचारावे.

७. वर्गातील सराव

प्रथम तोंडी व मगच लेखी काम द्यावे. एका मुलास फळा पुसावयास सांगून इतरांकडून 'ही क्लीन्स द बोर्ड एव्हरी डे' असे म्हणवून घ्यावे. दुसऱ्यास सोबत पाठवून 'दे क्लीन द बोर्ड एव्हरी डे' असे म्हणवावे. शब्दाच्या शेवटचा ध्वनी 'ईट्स' मध्ये 'स', 'प्लेज' मध्ये 'झ' व 'वॉशेस' मध्ये 'इझ' असा ऐकू येतो. तो स्पष्ट उच्चारून दाखवावा, कारण जो ध्वनी कानाला लागत नाही तो हातून लिहिला जात नाही. घर, शेत व आठवड्याचा बाजार यांवरील वाक्ये घ्यावीत. एका दिवशी एकाच प्रकारची चूक तपासावी.

चूक सुधारताना तिचे कारण मुलास दोन शब्दांत सांगावे. 'तुझ्या भाषेत असे आहे, इंग्रजीत तसे आहे' हे वाक्य मुलास हिणवीत नाही आणि नियमही मनावर ठसविते. वडिलांसाठी 'आर' लिहिणाऱ्या मुलास 'इज' अवश्य शिकवावे. परंतु त्याने 'आर' का लिहिले होते, हे ओळखणाऱ्या शिक्षकाकडूनच तो ते आनंदाने शिकेल.